मिंटाआजीची नातवंडं

मार्लो काउंटीत कुणाचा पणजोबा सापडला नाही, की लोक म्हणत, "जळाला असेल." म्हणजे पणजोबा नव्हे, त्याचा कागद. कचेरी दोनदा जळाली होती. एकदा विजेनं आणि एकदा, असं म्हणतात, जमिनीच्या भांडणानं. त्यातून जे वाचलं ते कोळसा कंपनीच्या जुन्या दुकानात आणून ठेवलं होतं. जिथे एके काळी खाणकामगारांच्या बायका पीठ आणि चरबी उधारीवर नेत, तिथे आता लाकडी खणांत काउंटीची घराणी नांदत होती. टॅकेटांना चार खण, स्टॅम्परांना तीन, आणि साइझमोरांचा एक खण जवळजवळ रिकामा. त्या रिकाम्या खणात रजई अंथरून कोरीन आपल्या आठ महिन्यांच्या जूनीला झोपवत असे.

कोरीनचा नवरा डेल खाणीत पाळीवर असे. घरात नुसतं बसून तिचा जीव घाबरायचा, म्हणून तिनं हे कागद लावायचं काम मागून घेतलं होतं. पगार नव्हता. पण पोरगी झोपली, की त्या शांततेत एखादा फाटका कागद उलगडावा आणि त्यातून कुणीतरी चालत यावं, वेल्समधून आलेला, कॅलाब्रियातून आलेला, डोंगरापलीकडून अनवाणी आलेला, याची तिला गोडी लागली होती. या लोकांनी काय काय सोसलं आणि तरी रविवारी इस्त्रीचा सदरा घालून प्रार्थनेला गेले, हे वाचताना तिला आपल्या कपड्यांच्या न धुतलेल्या ढिगाचं काही वाटेनासं होई.

एप्रिलातल्या एका दुपारी होबर्ट साइझमोर आला. पंचाहत्तरीचा, उंच, आता वाकलेला. मागे चाकांवर हवेचं नळकांडं, नाकात नळी. दारातच थांबून त्यानं दम घेतला आणि खणात वाकून पाहिलं.

"साइझमोरांच्यात आणखी एक आली वाटतं."

"तुम्हाला सोबत म्हणून ठेवलीय, होबर्टकाका."

"बरं केलंस. खण मोठा होता एकट्याला." तो खुर्चीवर टेकला. "पोरी, खाणीचं छत कोसळायच्या आधी बोलतं, हे डेलनं सांगितलंय ना तुला? आधी बारीक करकर होते. माझं बोलायला लागलंय."

कोरीननं त्याला पाणी दिलं.

"रडू नकोस, अजून पडलेलं नाही. माझं एक काम आहे. मला मिंटाआजीशेजारी पुरून घ्यायचंय. वर, टॅकेटांच्या डोंगरधारेवर. आणि वर्डी म्हणते, नाही."

वर्डीआत्या ही टॅकेटांची सगळ्यांत मोठी, त्र्याऐंशी वर्षांची, आणि स्मशानाची किल्ली तिच्याकडे. धारेचा बाकीचा डोंगर खाणीनं खालपर्यंत खरवडून नेला होता. मध्ये नुसतं स्मशान उरलं होतं, कापून ठेवलेल्या केकच्या शेवटच्या तुकड्यासारखं. जागा फारच थोडी. त्यामुळे वर्डीआत्याचा नियम कडक होता: रक्ताचा किंवा लग्नाचा. तिसरं दार नाही.

"पण मिंटाआजी तुमची आजीच ना?"

"तेच तर. सोळाव्या वर्षी अनाथाश्रमातून परत आलो, तेव्हा खाणकामगारांच्या सगळ्या छावणीनं बोट दाखवलं, ती बघ तुझी आजी. पुढे जन्माचा दाखला काढला, त्यातही तेच लिहिलंय. वर्डी म्हणते, मिंटाला मूलच नव्हतं, नातू कुठून येईल. मी म्हटलं, जळालं असेल." त्याला स्वतःच्याच विनोदावर खोकला आला. "तू एवढं शोध. माझा बाप किंवा आई तिची कशी लागत होती. मोठ्या रविवारच्या आत."

मोठा रविवार म्हणजे मे अखेरचा, कबरी सजवायचा. त्या दिवशी वर्डीआत्या सगळ्यांसमोर कोणाची जागा कुठे ते ठरवत असे, आणि ठरलं की ठरलं. होबर्टनं लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही, म्हणायचा. पण दर वर्षी, गुडघे होते तोवर गुडघ्यांवर बसून, तो मिंटाआजीच्या कबरीवरचं गवत काढायचा आणि कॉफीच्या डब्यात लाल पिओनीची फुलं ठेवायचा. ते सगळ्या काउंटीनं पाहिलं होतं.

कोरीन कामाला लागली, आणि सुरुवातीला तिला हर्षच झाला. मागच्या वर्षी तिनं प्रार्थनाघरांतून छापील फॉर्म वाटले होते: बाप, आई, आजोबा, आजी, कुठून आले, कुठल्या खाणीत. आता ती मिंटाआजीसाठी, म्हणजे कागदोपत्री आर्मिंटासाठी, ते चाळायला बसली, तर स्टॅम्परांच्या फॉर्मवर आजी: आर्मिंटा टॅकेट. मलिन्सांच्या फॉर्मवर तेच. पोलंडहून आलेल्या वॉयचिकांच्याही फॉर्मवर तेच. एवढा गोतावळा असलेल्या बाईला वर्डीआत्या वांझ म्हणते? म्हातारी उगाच जागा अडवून बसलीय, असं तिला वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं, की एक स्टॅम्पर आणि एक वॉयचिक एकाच दिवशी जन्मले होते, मोठ्या पुराच्या दिवशी, एक वरच्या घळीत आणि एक खालच्या छावणीत. एकाच आजीला एकाच दिवशी दोन नातवंडं होऊ शकतात. पण एकाची आई इटलीची आणि दुसऱ्याचे आईबाप दोघंही जहाजातून उतरलेले पोलंडचे, अशी नव्हेत.

तिनं बक स्टॅम्परला फोन लावला. तो कानानं कमी होता.

"बककाका, मिंटा टॅकेट तुमची आजी कशी लागते?"

"कशी म्हणजे? तिनंच काढलं मला."

"कुठून काढलं?"

"पोरी, तुला एक लेकरू आहे, आणि हे मी तुला सांगायचं?"

कोरीनच्या हातातली पेन्सिल थांबली. "म्हणजे ती सुईण होती."

"सुईण काय, आजी. आजीला बोलवा, आजी आली, पाणी तापवा. असंच म्हणायचे सगळे."

"मग तुमची सख्खी आजी?"

"ती होय. ती व्हर्जिनियात मेली, मी पाहिलीसुद्धा नाही. तुझ्या कागदावर आजी लिहिलं होतं, मी आजी लिहिली. सख्खी पाहिजे होती तर तसं विचारायचं."

कोरीननं फोन ठेवला आणि आधी पोट धरून हसली. सगळी काउंटी एका बाईची नातवंडं होऊन बसली होती. तिच्या पिढीची पोरं डोंगराखालच्या दवाखान्यात जन्मली, सुईणीला आजी म्हणायची रीत तिच्या कानापर्यंत पोचलीच नव्हती. जूनीच्या वेळी सासूनं डेलचं हेल्मेट दवाखान्यात पाठवलं होतं, कळा सुरू झाल्या की डोक्यावर ठेव म्हणून. नर्सनं कोळशाची धूळ बघून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं आणि खिडकीत ठेवलं. तेव्हाही कोरीन हसली होती. मात्र शेवटच्या तासाभरात ती दुसरीकडे कुठे बघत नव्हती, त्या पिशवीकडेच बघत होती, हे तिनं सासूला सांगितलं नाही.

हसता हसता तिची नजर होबर्टनं देऊन ठेवलेल्या दाखल्यावर गेली. आजी: आर्मिंटा टॅकेट. त्याच ओळीत, तीच चूक.

ती दोन दिवस त्या कागदाभोवती घुटमळली. दाखला खरा होता, त्यावर शिक्का होता. तो वर्डीआत्यापुढे नुसता ठेवला असता, तर म्हातारीला खोडता आला नसता. कोरीननं तो एकदा पाकिटात घातला आणि एकदा बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी तिनं जूनीला कमरेवर घेतलं आणि होबर्टच्या ओसरीवर गेली.

तो टोमॅटोची रोपं डब्यांतून उतरवत होता. तिनं सगळं सांगितलं. बकचा फोनसुद्धा सांगितला, तो हसेल म्हणून. होबर्ट हसला नाही. नळीतून हवेचा बारीक सूं सूं आवाज येत राहिला.

"म्हणजे माझी ती कुणीच नव्हती."

"तुम्हाला जगात आणणारी होती."

"ते तर तिनं अर्ध्या काउंटीला आणलं. तो गाढव बकही त्यात आला." त्यानं एक रोप मातीसकट हातात धरलं, ठेवायचं कुठे ते विसरल्यासारखं. "तुला गप्प बसता आलं असतं, पोरी."

"आलं असतं."

"मग?"

"मग तुम्ही तिथे चोरून निजला असता, काका. आणि मला ते ठाऊक असतं."

त्यानं बराच वेळ मान हलवली. "खरंय. चोरीच्या बिछान्यात मला झोप लागली नसती. आणि तिथून उठून जायची सोय नाही." मग जूनीनं हात पुढे केला तशी त्यानं तिला टोमॅटोचं एक पान हुंगायला दिलं. तिनं नाक मुरडलं. तेव्हा कुठे तो जरा हसला.

तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला. हातात एक टोपी होती. हेल्मेटांच्या आधीच्या काळातली, मऊ जाड कापडाची, पुढे कातड्याचा तुकडा आणि त्याला बत्ती अडकवायचा आकडा. काळी पडलेली, पण जपलेली.

"ही लेफ टॅकेटची. मिंटाच्या नवऱ्याची. मी पहिल्यांदा खाणीत उतरलो, त्याच्या आदल्या दिवशी तिनं बोलावून हातात दिली. म्हणाली, 'तुझी आहे, घेऊन जा.' मला वाटलं, आजोबांची." त्यानं टोपीवरून अंगठा फिरवला. "त्यांच्या घरची चीज आहे. वर्डीला नेऊन दे. माझ्याकडे चुकून राहिली म्हणावं."

"तुम्ही ठेवा की. एवढं कोण मागतंय."

"कुणी मागत नाही म्हणूनच द्यायची."

मोठ्या रविवारच्या आदल्या दिवशी वर्डीआत्याच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर वाळवलेल्या सफरचंदांचं सारण, पातळ गोल थरांची चळत; एकावर एक रचून ती थरांचा केक करत होती. कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले.

"दाखला आणलायस म्हणे," वळूनही न बघता ती म्हणाली. "दाखव. मी अजून आंधळी झालेली नाही. मिंटाकाकूला मूल नव्हतं."

"नव्हतंच, आत्या. तुमचं बरोबर होतं. आजी म्हणजे सुईण."

वर्डीआत्याला वाद घालायची इतकी तयारी होती, की जिंकल्यावर काय करावं ते तिला सुचेना. "हं," ती म्हणाली. "मग कशाला आलीस? पोरीला खायला देऊ का?"

"होबर्टकाकांनी हे परत पाठवलंय. चुकून त्यांच्याकडे राहिलं म्हणाले."

कोरीननं टोपी टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवली. वर्डीआत्या वळली. टोपी बघितली आणि पिठाचे हात तसेच वर धरून उभी राहिली.

"ही तर मिंटाकाकूबरोबर पुरली."

"नाही. ती होबर्टकाकांकडे होती, सोळाव्या वर्षापासून."

"त्यानं उचलली?"

"तिनं दिली."

"काय म्हणून दिली? नेमके शब्द सांग."

"'तुझी आहे, घेऊन जा.'"

वर्डीआत्यानं हात पदरासारख्या बांधलेल्या एप्रनला पुसले, एकदा, आणि पुन्हा एकदा, आणि खुर्ची ओढून बसली.

"आठ वर्षांची होते मी," ती म्हणाली. "होबर्टची आई, ओमा साइझमोर, अडली होती. तिच्या नवऱ्यावर त्याच आठवड्यात छत पडलं होतं, टोपीसकट. कंपनीनं घर खाली करायला लावलं, म्हणून काकूनं तिला आपल्याकडे आणलेलं. सकाळपासून कळा आणि पोर काही येईना. बापाची टोपी डोक्यावर असल्याशिवाय बाईला जोर येत नाही, हे तुला माहीत असेल."

"माहीत आहे," कोरीन म्हणाली. ते हसून म्हणायचं तिच्या मनात आलं नाही.

"बापाची टोपी तर ढिगाऱ्याखाली. मग काकू मला म्हणाली, वर्डी, जा, खुंटीवरची काढ. लेफकाका गेल्यापासून त्या टोपीला कुणी हात लावत नसे. माझा बापसुद्धा त्या खुंटीखालून वाकून जायचा. मी खुर्चीवर चढून काढली. ओमाच्या डोक्यावर ठेवली, आणि बटाटे उकडायच्या आत होबर्ट बाहेर. आला तोच बोंबलत."

"मग आत्या, तुम्हाला हे ठाऊक असताना तुम्ही नाही म्हणालात?"

"टोपी परत खुंटीवर गेली ना. मी स्वतः टांगली." वर्डीआत्या तिला लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. "उसनी टोपी घालून काय थोडी पोरं झाली? टोपी परत खुंटीवर गेली, तर तो अडलेल्या बाईचा उपाय. विसरून जायचं. पण पुढे तीच टोपी त्या पोराला दिली, तर पोर त्या घरचं. टोपीवाल्याचं. मग ओमा दोन वर्षांत वारली आणि त्याला आश्रमात नेलं, तेव्हा काकूला कोण देणार होतं पोर? एकटी बाई, दारी येईल त्यावर जगणारी. सह्या करणाऱ्यांनी विचारलंसुद्धा नाही तिला. मला वाटलं, संपलं."

तिनं टोपी उचलली, उलटी केली आणि आतली पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. पट्टीला मागच्या बाजूला एक चूण घातलेली होती, लाल दोऱ्याची, फुलीफुलीची.

"हे बघ. लेफकाकाचं डोकं भोपळ्याएवढं. ही चूण काकूची, अशी वाकडी फुली दुसरं कुणी घालत नसे. पोराच्या मापानं आत घेतलीय." तिनं चुणीवरून नख फिरवलं. "म्हणजे वाट बघत बसली होती बाई. तो मोठा होऊन परत यायची."

जूनी सारणात बोट घालू पाहत होती. वर्डीआत्यानं न बघता भांडं मागे सरकवलं.

"आणि हा शहाणा परत करतोय?"

"त्यांना यातलं काहीच माहीत नाही, आत्या. आश्रमात कोण सांगणार होतं?"

"स्वतः का नाही आला?"

"म्हणाले, कुणी मागत नाही म्हणूनच द्यायची."

वर्डीआत्यानं टोपी झटकून कोरीनच्या हातात कोंबली.

"मूर्ख आहे," ती म्हणाली. "टॅकेट शोभतो. ने ती इथून, माझ्या केकवर धूळ पडतेय."

धारेवर जायला आता खाणीच्या फाटकातून जावं लागे. कंपनीची गाडी वर सोडी, आणि चालू खाण म्हणून प्रत्येकाला फाटकावर पांढरं हेल्मेट घालावं लागे. त्यामुळे मोठ्या रविवारी टॅकेटांच्या स्मशानात अजब देखावा असे: फुलाफुलांचे झगे, गळपट्टे, हातांत तळलेल्या कोंबडीची आणि घेवड्याची भांडी, आणि डोक्यांवर हेल्मेटं. डेलनं आपलं जूनीच्या डोक्यावर धरलं होतं. त्यात ती गळ्यापर्यंत बुडाली होती.

होबर्ट यायला तयार नव्हता. वर्डीआत्यानं निरोप धाडला, की तो आला नाही तर ती स्वतः खाली येईल, आणि तिच्या गुडघ्यांचं पाप त्याच्या माथी. तेव्हा आला. खाली ओसरीवर कोरीननं त्याला सगळं सांगितलं होतं, चुणीसकट. तो टोपी हातात घेऊन आतल्या लाल दोऱ्यावर बोट ठेवून बसला होता, इतका वेळ, की त्याची कॉफी गार झाली.

आता फाटकावरच्या रखवालदारानं त्याच्यापुढे पांढरं हेल्मेट धरलं. होबर्टच्या डोक्यावर लेफची टोपी होती.

"काका, हे घालावं लागेल. नियम आहे."

"त्याची टोपी त्याला आहे," गाडीतून वर्डीआत्या म्हणाली.

"बाई, पण हे कापड..."

"तू कुणाचा रे? मलिन्सांचा ना? तुझ्या आज्याला कुणी काढलं, विचार घरी जाऊन."

रखवालदारानं हेल्मेट होबर्टच्या मांडीवर ठेवलं आणि फाटक उघडलं. तेवढ्यानं त्याचा नियमही राहिला.

वर, मिंटाआजीच्या कबरीशी, होबर्टनं पिओनीचा डबा ठेवला. गवत या वर्षी कुणीतरी आधीच काढलं होतं. वर्डीआत्या काठीनं जमिनीवर रेघा ओढत होती.

"ही डावी बाजू लेफकाकाची. उजवी तुझी. पायाशी नाही, शेजारी. आणि तुझ्या पलीकडे मी, म्हणजे बडबड करू नकोस."

"तू आधी गेलीस तर?"

"तर वाट बघेन. आमच्या घरात सवय आहे."

होबर्टनं टोपी काढली, वाऱ्यात जराशी धरली आणि परत घातली. मग त्यानं काठीच्या रेघांमधल्या त्या जमिनीकडे बघितलं, नवं घर बघायला आलेल्या माणसासारखं, भिंती कुठे येतील ते मनाशी जुळवत.

कोरीन फॉर्म बरोबर घेऊन आली होती. होबर्टच्या कागदावर आजीपुढचं नाव खोडायचं की ठेवायचं, हे तिला अजून ठरवता आलं नव्हतं. तिनं वर्डीआत्याला विचारलं.

"खोडतेस कशाला? राहू दे सगळ्यांचं. काढणारी एकीकडे लिही, सख्खी दुसरीकडे, दोन रकाने कर. एवढं शिकलीस ना?"

"आणि होबर्टकाकांचं?"

वर्डीआत्या केक कापत होती. सुरी थांबली.

"लिही, होबर्ट साइझमोर. आणि पुढे लिही, लेफ टॅकेटच्या टोपीखालचा." मग तिनं सुरीनंच जूनीकडे, हेल्मेटात बुडालेल्या त्या डोक्याकडे खूण केली. "आणि हिला आता साइझमोरांच्या खणातून उचल. तिथे ओमाचे, होबर्टचे कागद यायचेत."